खुर्चीचा डावा हात

मुलांनो, डोळे मिटा आणि एक खुर्ची मनात आणा. चामड्याची, पन्नास वर्षांची. बसायची जागा तापवलेल्या दुधावरच्या सायीसारखी सुरकुतलेली. पण दोन्ही हातांना मात्र कोरं चामडं, नव्या बुटासारखं चकाकणारं. विजोड दिसेल ना? दिघीतल्या ज्योतीरामच्या पत्र्याच्या शेडमध्ये अशीच एक जुनी खुर्ची दुरुस्तीला आली होती आणि तिच्या हातांवर बसवायचं नवं चामडं आधी जुनं दिसायला हवं होतं.

हे काम आजवर त्याच्या लेकीचं, स्वरूपाचं. चामडं चुरगाळायचं, खरखरीत पॉलिश कागदानं हलकेच घासायचं, सुरकुत्यांत गडद पॉलिश भरायचं. पण सुट्टीला बीडहून चुलतबहीण दिव्या आली आणि चार दिवसांत बाबांच्या तोंडी तिचंच नाव. "दिव्याचा हात बघ, कसा अलगद चालतो!" ते ऐकून स्वरूपा जळफळायची.

"उजव्या हाताचा तुकडा दिव्याला, डाव्याचा तुला," बाबा म्हणाले. "जिचा जमेल, तिला पाठ देतो."

खुर्चीची पाठ! तिचंही चामडं बदलायचं होतं, आणि पाठीचं काम बाबांनी आजवर कधी कुणाला दिलं नव्हतं.

बाबा त्या खुर्चीत टेकून चहा प्यायले. दिव्या टक लावून त्यांच्याकडे बघत राहिली. 'बसू दे बघत,' स्वरूपा मनात म्हणाली, 'माझा तुकडा हिच्यापेक्षा दुप्पट जुना दिसेल.' तिनं दातओठ खाऊन घासलं. वर, खाली, पार मागच्या कडेपर्यंत.

"अगं, किती घासायलीस? भोक पडंल!"

"तू तुझं बघ गं, बीडवाले!"

बाबांनी दोन्ही तुकडे जागेवर ठेवून पाहिले आणि हसले. "उजवा म्हातारा झालाय. डावा आजारी पडलाय! स्वरूपा, मागं सांदीत कुणाचा हात पोचतो गं? तिथं चामडं झिजेल कसं?"

दिव्याच्या तुकड्याची पुढची कड तेवढी फिकी होती, चहा पिताना बाबांची बोटं टेकली होती तिथंच. स्वरूपाला ते दिसलं, म्हणूनच जास्त झोंबलं.

बाबांनी डाव्या हातासाठी नवा तुकडा कापून दिव्यापुढे सरकवला. "हाही तूच कर. पाठही तुझीच."

दिव्याचं सगळं खरवडून टाकावं, असं वाटून स्वरूपानं कागद उचलला. दिव्यानं आपला तुकडा घाईनं पोटाशी धरला.

मग स्वरूपानं काय केलं? ती दिव्याला खेटून बसली आणि नवा तुकडा दोघींच्या मध्ये ओढला.

"कुठं घासायचं, बोट ठेवून दाखव," ती नाक ओढत म्हणाली. "पण कागद माझ्याच हातात राहील."