कच्च्या टाक्याची गुरगुर

गुरगुरकाकांना गाण्यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं, आणि पन्नास वर्षं ते एका गाण्यावर भाषणं ठोकत आले होते. माईक समोर आला की त्यांची मान आपोआप तिरपी व्हायची आणि तोंडातून वाक्य बाहेर पडायचं, "त्या काळात संगीताला एका धक्क्याची गरज होती." नेमका कसला धक्का, हे कोणी विचारलं नाही हे त्यांचं नशीब. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं की त्या काळात धक्का एकदाच बसला होता, तोही काकांना, उघड्या वायरीला हात लागून.

गाणं मात्र खरंच मोठं होतं. त्याच्या सुरुवातीला गिटार जशी गुरगुरते, तशी तोवर कुठलीच गुरगुरली नव्हती. तोवरच्या गिटारी पाहुण्यांसमोर आणून बसवलेल्या पोरांसारख्या शहाण्यासारख्या वागत. हे गाणं रेडिओवर लागलं आणि महिन्याभरात काकांच्या रिपेरीच्या दुकानासमोर रांग लागली. लोक ठणठणीत अॅम्प्लिफायर पुढे करून म्हणायचे, "उस्ताद, जरा बिघडवून द्या." कॉलेजातल्या पोरांनी केस वाढवले, न्हाव्यांनी हाय खाल्ली. गिरणीच्या गेटवर संप झाला तेव्हा सरकारने गाण्याच्या शब्दांवर बंदी घातली, तर कामगार शब्द गाळून नुसतेच गुरगुरायला लागले. हजार माणसं तोंड मिटून गुरगुरत आहेत हा गुन्हा वहीत लिहायचा कसा, ते पोलिसांना कळेना. पुढे त्याच पोलिसांच्या निरोप समारंभात तेच गाणं वाजायला लागलं. हल्ली तर बँकेला फोन लावला की "कृपया प्रतीक्षा करा"च्या मागे तीच गुरगुर चालू असते, आणि ज्यांनी तिच्यापायी कोठडी पाहिली ते म्हातारे कानाला फोन लावून गुपचूप प्रतीक्षा करतात.

ती गुरगुर ज्या अॅम्प्लिफायरमधून निघाली, तो रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी काकांनी दुरुस्त केला होता. म्हणून तर गुरगुरकाका हे नाव. "त्यात मी एक विशेष जोडणी केली होती," काका सांगत. "सूत्र मात्र मी कोणाला देणार नाही."

विशेष जोडणी ती अशी. काकांना मॅटिनीला जायचं होतं. थिएटरबाहेर एक मुलगी वाट बघत होती, आणि थांबणाऱ्यांतली ती नव्हती. घाईघाईत वायरीला डाख देताना, जागा नीट तापायच्या आत काकांनी सोल्डरगन बाजूला केली आणि टाका कच्चा राहिला. कच्चा टाका वरून जोडलेला दिसतो, आतून धड चिकटलेला नसतो. करंट अडखळत जातो. स्टुडिओत त्या अडखळण्याची गुरगुर झाली, दुसरा अॅम्प्लिफायर आणायला वेळ नव्हता, म्हणून वादकांनी काकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत तशीच ती रेकॉर्ड केली. एका बिघाडाने जग हललं, आणि शाबासकी मिळाली बिघडवणाऱ्याला.

ती मुलगी पुढे काकांची बायको झाली. तिला सगळं ठाऊक होतं. "सिनेमा तरी कुठे धड पाहिलात? मध्यंतराआधीच घोरत होतात," एवढंच ती म्हणायची.

ठाऊक नव्हतं ते लेकीला. लेक तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. बाबांच्या विशेष जोडणीवर तिने आकृतीसकट लेख लिहिला होता. ती आकृती बघून काकांना स्वतःबद्दल इतका आदर वाटला की दोन दिवस ते घरात हळू आवाजात बोलत होते. आता गाण्याला पन्नास वर्षं झाली म्हणून तिने संस्थेत कार्यक्रम ठेवला होता. लांब्या, म्हणजे त्या गाण्याचा गिटारवाला, त्याच जुन्या अॅम्प्लिफायरवर सुरुवात वाजवणार आणि काका विद्यार्थ्यांना जोडणी समजावून सांगणार. लेकीच्या नजरेत आपण कोण आहोत, ते त्या दिवशी कायमचं ठरणार हे काकांना कळत होतं, आणि त्यांची झोप उडाली होती.

दोन दिवस आधी अॅम्प्लिफायर त्यांच्या टेबलावर आला. लांब्याच्या घरी त्याच्यावर कुंडी ठेवत असत, त्यामुळे वर गोल डाग पडला होता. काकांनी मागचं झाकण काढलं. टाका तिथेच होता, राखाडी आणि खरबरीत. धूळ झटकायची, स्विच तपासायचा, झाकण लावायचं, इतकंच काम होतं. पण जित्याची खोड. कच्चा टाका दिसला की तो तसा राहू द्यायचा नाही, हे काकांच्या हातात इतकं मुरलं होतं की त्यासाठी डोकं लागत नसे. डोकं रेडिओवरच्या बातम्यांत होतं. बातम्या संपल्या तेव्हा टाका लखलखीत झाला होता.

काकांनी गिटार जोडली, तार छेडली. सूर निघाला तो घासून पुसून ठेवलेल्या पेल्यासारखा स्वच्छ.

"मेलो," काका म्हणाले.

मग पन्नास वर्षांचा मुरलेला कारागीर संध्याकाळपर्यंत वाईट काम करायची खटपट करत बसला. बारा वेळा टाका सोडवला, बारा वेळा कच्चा घालून पाहिला. अॅम्प्लिफायर एक तर मुका, नाही तर स्वच्छ. उभ्या जन्मात आयता जमून गेलेला एकच बिघाड, तोही त्यांनी स्वतःच्या हाताने नीट करून ठेवला होता. पायावर धोंडा पाडून घ्यावा तर इतक्या सफाईने.

संध्याकाळी लेक आली. "बाबा, झालं?"

"झालं. तेच तर झालं ना," काका म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं, मॅटिनीसकट. ती हसेल अशी त्यांना आशा होती. ती हसली नाही.

"कच्चा टाका होता?"

"हो."

"मी चौदा वर्षांची होते, बाबा."

काकांनी मान खाली घातली. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात छोटा अॅम्प्लिफायर बनवला होता. चालू केला तर तो गुरगुरला. "बाबा, तुमच्यासारखा!" म्हणत ती नाचली होती. काकांनी डबा उघडला, आतला कच्चा टाका पाहिला आणि खाडकन झाकण लावलं. हिला कळलं तर? "हे प्रदर्शनात ठेवायचं नाही," ते गरजले होते. "असलं काम करणाऱ्याने सोल्डरगनला हात लावू नये." लोक म्हणाले, काय शिस्तीचा बाप आहे! शिस्त कसली, चोराच्या मनात चांदणं.

"महिनाभर मी दुकानाची पायरी चढले नव्हते," लेक म्हणाली. "मग आले ती तुमच्यासारखा हात व्हावा म्हणून. तुमच्यासारखा!" तिने अॅम्प्लिफायर उचलला आणि ती निघून गेली.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. पहिल्या रांगेत काका बायकोशेजारी बसले होते, खिशात भाषणाचा कागद घामाने भिजत होता. लेक माईकपाशी आली. "त्या जोडणीवरचा माझा लेख चुकीचा आहे," ती म्हणाली. "खरं काय ते बाबा सांगतील."

काका वर गेले. मान तिरपी झाली नाही. "मला मॅटिनीला जायचं होतं," ते म्हणाले, आणि हॉल हसला. काकांचा विनय म्हणून टाळ्यासुद्धा पडल्या.

"विनय नाही हो! खरंच माझा टाका कच्चा राहिला होता," काका कळवळून म्हणाले, तेव्हा कुठे टाळ्या थांबल्या.

मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारलं, "मग प्रॅक्टिकलला कच्च्या टाक्याचे मार्क का कापतात?"

"कापायलाच हवेत," काका म्हणाले. "पण मी एकीचे सगळेच कापले. आपलं बिंग फुटेल या भीतीने. चूक माझी होती तशीच तिची होती. माझी जगभर वाजली, तिची मी घरातल्या घरातसुद्धा वाजू दिली नाही."

लांब्या गिटार गळ्यात घालून अवघडून उभा होता. "अरे, पण मी वाजवू कशावर? हे खोकं तर आत्ताच आंघोळ करून आल्यासारखं बोलतंय."

लेक टेबलामागे वाकली आणि तिने पत्र्याचा डबा वर काढला. झाकणावरचं बिस्किटांचं चित्र पार पुसट झालं होतं. इतकी वर्षं रोज पोरांचे कच्चे टाके पक्के करून घेणाऱ्या बाईने हा एक टाका तसाच ठेवला होता. तिने डबा काकांसमोर धरला.

"बाबा, प्रदर्शनात ठेवू?"

काकांना डबा नीट दिसेना. चष्मा काढून पुसला तरी दिसेना.

"ठेव," ते म्हणाले. "मधोमध ठेव. सगळ्यांना दिसू दे."

तिने डबा मधोमध ठेवला, गिटारची वायर त्याला जोडली, त्याच्यापुढे माईक धरला, आणि लांब्याने तार छेडली.