तिसरा कप

"आई, घरातले कप संपले व्हय?"

आदिनाथने विचारलं तेव्हा मनकर्णा ट्रे घेऊन दारातच उभी होती. ट्रेमध्ये दोन स्टीलचे कप आणि एक कागदी. कागदी कप सुकन्यापुढे गेला.

"मस्त झालाय चहा, काकू," सुकन्या म्हणाली. तिने तो अजून ओठाला लावलासुद्धा नव्हता.

*

शेजारच्या रोहिणीला मनकर्णाने हे असं सांगितलं:

"कप घासायला पडले व्हते गं, म्हनून कागदी दिला. तर पोरगं फुगून बसलंय."

"फुगनारच की. बारावीचं वरीस, त्यात पिरेम!"

दोघी हसल्या. मनकर्णा जरा जास्तच हसली.

*

नवऱ्याला, भागवतला, असं सांगितलं:

"एकुलतं एक पोरगं हाय. मला काळजी न्हाई का? टीबी हाय तिला."

भागवतने भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. "पर तिचा रिपोर्ट चांगला आला, आता कुनाला लागायचं भ्या न्हाई, असं तूच म्हनली ना?"

"म्हनले."

"मग?"

"तुमी जेवा."

*

घडलं ते असं.

मनकर्णा मिरजगावची आशाताई. सुकन्याच्या खोकल्यातून रक्त पडलं, तेव्हा तिला दवाखान्यात नेणारी हीच आणि रोज समोर उभं राहून गोळ्या गिळायला लावणारीही हीच. पहिल्या आठवड्यात सुकन्याच्या आईने पोरीचं ताट-पेला वेगळा काढला होता. मनकर्णाने तोच पेला उचलला, माठातलं पाणी घेतलं आणि अख्ख्या घरादेखत घटाघटा प्याली. "भांड्यातनं टीबी लागत न्हाई. येगळं केल्यानं मानूस मरतं." सगळं घर बघत राहिलं. सुकन्या त्या दिवशी पहिल्यांदा रडली.

मनकर्णा कर्जतला मीटिंगला गेली की गोळ्या आदिनाथ पोचवायचा. "आधी गोळी, मग पेरू," म्हणायचा. कॉलेजात कुणी सुकन्याच्या बाकावर बसेना, तेव्हा हा दप्तर उचलून तिथे जाऊन बसला. पोरांनी चिडवलं, तर छाती काढून म्हणाला, "माझी आई कुनाच्याबी पेल्यातलं पानी पिते."

तर त्या दुपारी चहाचे चारही कप धुऊन मांडणीवर पालथे होते. दोन भरून झाले, तिने तिसऱ्याला हात घातला. बाहेरून सुकन्याचा आवाज आला, "आपल्या दारात जास्वंद लावू रं. लाल."

आपल्या दारात.

मनकर्णाने कप पुन्हा पालथा घातला. हळदीकुंकवातून उरलेले कागदी कप फडताळातून काढले. रोगाची तिला तसूभरही भीती नव्हती. गावाची पोर म्हणून तिला ती हवी होती. सून म्हणून नको होती. आणि हे तोंडाने सांगायची छाती नव्हती. कप दिला, की पोरीला बरोब्बर कळणार होतं.

*

दुसऱ्या दिवशी मनकर्णा गोळ्या घेऊन गेली. घरात सुकन्या एकटीच होती. तिने नेहमीसारख्या मनकर्णासमोर गोळ्या गिळल्या. मग पर्समधून दाबून चपटा केलेला कागदी कप काढला.

"काल तुमच्याकडं टाकला न्हाई, काकू. म्हनलं, कुनाला हात लावायला नको. कुठं टाकू?"

मनकर्णाने कप तिच्या हातातून घेऊन आपल्या पिशवीत टाकला.

"आदीला म्या सांगितलंय," सुकन्या म्हणाली, "कप घासायला पडले व्हते. पटलं त्याला."

तीच थाप. रोहिणीला मारलेली. पण ही पोर ती मनकर्णासाठी मारून आली होती.

"धुतलेले व्हते गं," मनकर्णा कशीबशी म्हणाली. "सगळे."

"ठावं हाय. तुमी ट्रे घेऊन आल्या, तवा मागं मांडणीवर दिसत व्हते." सुकन्या उठली. "त्याला नका सांगू. त्याला तुमचा लई अभिमान हाय."

तिने माठातून पाणी आणलं, त्याच पेल्यात. मनकर्णाच्या पुढ्यात ठेवलं आणि पाठ फिरवून गोळ्यांचं रिकामं पाकीट खिडकीत ठेवू लागली.

मनकर्णाने पेला दोन्ही हातांनी धरला. घोट घोट करत, तळ दिसेपर्यंत प्याली. या वेळी तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं.