टाळूचा वास

“मावशी, बंद करा ते! उलटी येतेय मला!” पलंगावरची बाई ओरडली आणि खरंच भडाभडा ओकली.

मावशीने घाईने दिवा विझवला. दिव्यावरच्या वाटीत सुगंधी तेल काठोकाठ होतं. घालायचे दोन-चार थेंब, तिने अर्धी बाटली ओतली होती. जन्मभर संडास घासून, फिनेल हुंगून तिचं नाक केव्हाच मेलं होतं. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, लेकीलाही नाही. सांगितलं असतं तर दवाखान्यातल्या पैसेवाल्यांच्या या गुलाबी पडद्यांच्या खोलीत, अडलेल्या बायकांच्या कमरा चोळायला तिला कुणी उभं केलं असतं?

सिस्टर नाकाला रुमाल लावून आली.

“मावशी, नाक आहे का नाही तुम्हाला?”

“सर्दी झालीय.”

“वर्षभर? उद्यापासून परत संडासावर. व्हा बाहेर.”

मावशी बाहेर पडली. वाईट वाटायलाही अंगात त्राण लागतं. ती पाय ओढत टोकाच्या जनरल वॉर्डात गेली. तिथे तिची लेक सकाळपासून कळा देत होती. कळा सगळ्यांच्या सारख्याच, म्हणतात. झूठ आहे. काहींच्या कळांना अत्तर-संगीत मिळतं, काहींच्या कळांना ‘गप पड’ मिळतं.

“कुठं मेली होतीस गं आई?”

“कामावर. आणि कुठं?”

लेकीने तिचा हात ओढला आणि एकदम थांबली. “कसला गं हा वास? किती छान... इथं फिनेलनं जीव गुदमरलाय नुसता. काढू नकोस हात.”

तेलाचा हात धुवायचा राहूनच गेला होता. लेकीने तो तळवा नाकावर दाबून धरला. एका कळेला तर कडकडून चावली. मावशीने हात काढला नाही.

मुलगी झाली. पुसून, गुंडाळून आणली. लेक म्हणाली, “टाळूचा वास घे गं आई. कसला येतोय?”

मावशी वाकली. नाक टेकवलं. काहीच नाही.

“दुधाचा,” ती म्हणाली.

“अजून पाजलंय कुठं मी तिला?”

मावशीने मान वर केली नाही. लेक तिच्याकडे पाहत राहिली. मग तिने बाळ आणखी जवळ सरकवलं आणि हलकेच म्हणाली,

“उन्हात वाळलेल्या दुपट्याचा येतोय, आई. अगदी तसाच.”