लेखन : महनूर

जावेद फोटो सरळ करत होता. बायकोने, महनूरने, ब्लॉगवर टाकलेला डोमकळीचा फोटो आडवा दिसत होता आणि चूक त्यानेच लिहिलेल्या कोडमध्ये होती. पोळ्याचा आदला दिवस होता. धाड गावातल्या त्याच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. फोन वाजला. बुलडाण्याला महनूर तापाने दवाखान्यात होती, तिथून तिचा धाकटा भाऊ बोलत होता. तो "आपा" म्हणाला, थांबला, पुन्हा "आपा" म्हणाला.

जावेदने फाइल सेव्ह केली. शटर ओढलं आणि जीपमध्ये जाऊन बसला.

चाळिसावा झाल्यावर त्याने दुकान उघडलं. ब्लॉगवर तीच डोमकळी आडवी पडलेली होती. बोंडअळी आत शिरली की कपाशीचं फूल उमलत नाही, पाकळ्या मिटलेल्याच राहतात, तीच डोमकळी. महनूर वडिलांच्या वावरात जाऊन असं काही दिसलं की लिहायची. त्या लिहिण्यासाठी जावेदने कोडचा एक लहानसा संच तयार केला होता. मजकूर घ्यायचा, फोटो लावायचा, तारीख टाकायची, नवं असेल ते सगळ्यात वर ठेवायचं. बस एवढंच. खाली नाव कोणाचं टाकायचं, असं त्याने तेव्हा विचारलं होतं. दुसरं कोण लिहिणार आहे, असं म्हणून ती हसली होती. मग त्याने नाव कोडमध्येच पक्कं करून टाकलं.

महादेवराव आत आले. त्यांचं वावर महनूरच्या वडिलांच्या बांधाला लागून. ते बराच वेळ पावसापाण्याचं बोलले. मग म्हणाले, लोक सकाळी मोबाइल पाहतात, काही येत नाही. आता कोणीतरी लिहायला पाहिजे.

"मले शेतीतलं काय कळते, काका?"

"तिले तरी कुठं पोटातून येत होतं? पाहत होती, म्हनून कळे." त्यांनी स्क्रीनकडे बोट केलं. "याले काय म्हनता तुम्ही?"

"लायब्ररी. कोडच्या अशा संचाले तेच म्हनते."

"लायब्ररी म्हने. पुस्तक त एक नाही दुकानात."

जावेदला हसू आलं, आणि ते आल्याचं त्याला बरं वाटलं नाही.

महादेवरावांनी खिशातून एक बोंड काढलं. हिरवंगार, टणक, कुठे डाग नाही. त्यांनी ते टेबलावर ठेवून अंगठ्याने फोडलं. आत गुलाबी अळी वळवळली. सरकी पोखरलेली होती.

"बीटी हाये, काही होत नाही, असं सांगून बियाणं देल्लं. अळीले कोन सांगावं?" ते म्हणाले. "वरून पाहून लोक गाफील राह्यले. फोटो तरी टाक."

जावेदने फोटो काढला. खाली दोन ओळी लिहिल्या. बोंड वरून पाहू नका, फोडून पाहा. ती असंच लिहायची, थोडकं. त्याने बटण दाबलं. त्या दिवशीची दुरुस्ती नव्यालाच लागू झाली, नवा फोटो सरळ आला. डोमकळी खाली सरकली. नव्या मजकुराखाली आपोआप उमटलं, लेखन : महनूर.

महादेवरावांना चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं. ते निघून गेले.

संध्याकाळी दुकानातला फोन वाजला; ब्लॉगवर नंबर तोच दिलेला होता. देऊळगाव राजाकडून कोणी शालिग्राम बोलत होता.

"महनूरताईचा नंबर हाच ना?"

"हो."

"ताईला सांगा, वाचल्यावाचल्या वावरात गेलो. फोडलेल्या प्रत्येक बोंडात अळी निघाली. काही नाही तर बाकीच्या पिकाचं तरी पाहता येईल." मग जरा हसून म्हणाला, "इतके दिवस काही आलं नाही. म्हटलं, ताई रुसल्या का काय आमच्यावर."

जावेदने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकू येतंय ना?"

"येते."

"मग सांगा तेवढं."

"सांगतो," जावेद म्हणाला.

फोन ठेवून त्याने फाइल उघडली. नावाची ओळ शोधावी लागली नाही. कर्सर नावाच्या शेवटच्या अक्षरामागे नेला. तो तिथे उघडझाप करत राहिला. फोडलेलं बोंड अजून टेबलावरच होतं. अळी त्यातून बाहेर आली होती आणि कीबोर्डाच्या कडेने चालली होती. जावेदने तिला कागदावर घेतलं, बाहेर नेऊन चिरडलं, परत आला. बदल न करता फाइल बंद केली.

आता कोणी ना कोणी दुकानात बोंडं आणून ठेवतं आणि तो फोटो टाकतो. शालिग्रामला अजून सांगितलेलं नाही. नावाची ओळ बदलायची राहिली आहे.