हवाईसाठी राखलेले मैल

खर्चावर फुकट विमानप्रवासाचे मैल जमा करून देणारं क्रेडिट कार्ड ओमाहाच्या वेंडेल क्राउझनं घेतलं, त्याला सहा वर्षं झाली. चर्चमधल्या मंडळींबरोबर जेवायला गेला की बिलावर पहिली झडप याचीच. सगळ्यांकडून रोख गोळा करायची आणि कार्ड आपलं पुढे करायचं. पेट्रोलवर तर दुप्पट मैल! म्हणून डेन्व्हरला लेकीकडे, ग्रेटाकडे, जायचं ते आठ तास गाडी हाणत. इतक्या जवळ मैल कशाला उधळायचे? ते हवाई बेटांसाठी!

यंदा कार्डाची वार्षिक फी वाढली, तेव्हा बायको लोर्नानं विचारलं, "सहा वर्षांत आपण विमानात किती वेळा बसलो रे?"

वेंडेलला स्वतःचंच हसू आलं. शेंबड्या पोरालाही कळलं असतं ते याच्या टकलात शिरलं नव्हतं. 'गाढवा,' तो मनात म्हणाला, 'तू विमानाचा प्रवासी नाहीस, पेट्रोलपंपाचं गिऱ्हाईक आहेस.' त्यानं तावातावानं कार्ड बंद करायला फोन लावला.

"असं नका ना करू, सर," पलीकडची बाई लाडानं म्हणाली. "कार्ड ठेवलंत, तर तीन महिने पेट्रोलवर चौपट मैल देते."

वेंडेलनं फोन ठेवला आणि गाडीची किल्ली उचलली.

"लोर्ना, आवर गं. ग्रेटाकडे जाऊन येऊ."

"विमानानं?" तिचा चेहरा खुलला.

"वेड लागलंय का? विमानानं मैल संपतात!"