धरून ठेवलेली जागा

मी एक जुनी झोक्याची फळी आहे. मित्रांनो, नशिराबादच्या एका सुताराने मला कडुनिंबाच्या लाकडातून घडवले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी माझ्यावर उभ्या राहून गाणी म्हणत आणि सासूचा यथेच्छ उद्धार करत. सण सरला की माझी रवानगी माळ्यावर, उंदरांच्या संगतीत. पुढे त्याच घरच्या बेबाबाईंनी जळगावात पाळणाघर काढले, अंगणातल्या झाडाला मला टांगले आणि मी बारमाही कामाला लागले.

बेबाबाईंचा नियम साधा होता. पुढचा नंबर ज्याचा, त्याने आधी बसलेल्याला झोका द्यायचा.

तीन वर्षांचा हितेंद्र इथे आला, तो एकुलता एक. घरी मागण्याआधीच सगळे हातात पडे, मग बोलायचे कशाला? आई मेघा दालमिलच्या ऑफिसात कामाला गेली की तो फाटक धरून रडे. ते ऐकून माझ्यासारख्या लाकडालाही वाईट वाटे. मग तो रांग मोडून माझ्यावर चढे. छोट्या मिसबाहने अडवले, तर तिच्या हाताला कडकडून चावला. बाकी दिवसभर मूग गिळून बसे. पाळणाघर बरे की घर, हा निवाडा फळीने करू नये. कोण बसते आणि कोण झोका देते, एवढेच मला कळते.

दिवाळीनंतर दोंडाईचाहून त्याची आजी सुंदरबाई आल्या, त्या नातवाला घेऊन जायचे ठरवूनच. मेघाचा चेहरा उतरला होता. नोकरी सोडली तर घर चालणार नव्हते, आणि पोराला पाठवले तर तेच घर खायला उठणार होते.

दोघी फाटकातून आत आल्या, तेव्हा हितेंद्र मला रिकामेच झोके देत होता. आमच्याकडे रिकामा झोका हलवणे अशुभ मानतात. सुंदरबाईंनी धावत येऊन माझा दोर धरला.

"मेघा, पोऱ्या बोलस नही, आनि आते हाऊ रिकामा झोका हालावस! मी याले आजच लई जासू."

हितेंद्र आता गळा काढणार, असे मला वाटले.

"आजी, सोड ना," तो म्हणाला. "मिसबाह पानी पेवाले गई. तिना नंबर शे."

मिसबाह जवळ नव्हती. त्याला खुशाल बसता आले असते. इतक्यात मिसबाह ओले तोंड पुसत आली आणि बसली. मेघाच्या डोळ्यांत पाणी आले. एवढे तो घरी कधी बोललाच नव्हता. तिला आनंद झाला आणि आत कुठेतरी टोचलेही.

सुंदरबाईंनी दोर सोडला. "आनि मना नंबर?"

"मांगे उभी ऱ्हाय."

पदर खोचून त्या पोरांच्या रांगेत शेवटी उभ्या राहिल्या. संध्याकाळी दोंडाईचाला एकट्याच परतल्या.

मित्रांनो, माझे दोर झिजले आहेत, ते तेवढे बदला. आणि एखादे मूल रिकामा झोका हलवताना दिसले, तर ओरडण्याआधी त्याला विचारा, "जागा कोणासाठी धरलीस, बाळा?"