शिंपल्यांच्या पुडीची सहावी फेरी

फेरी पहिली.

हातखंब्याच्या ढाब्यांवरचं काळं पडलेलं तेल, मिथेनॉल, आणि खाडीतल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या भट्टीत भाजून केलेली पांढरी पूड, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, उत्प्रेरक म्हणून. थर सुटले. वर बायोडिझेल, खाली ग्लिसरीन. डॉ. हरिहर सरांनी बाटली खिडकीशी धरली आणि समुद्रही आपणच भरून ठेवल्यासारखा चेहरा केला.

फेरी दुसरी.

पूड गाळायची, धुवायची, भाजायची, पुन्हा वापरायची. हीच पूड वारंवार चालते, यावर उर्वीची पीएच.डी. उभी होती. पण थोडी पूड गाळणकागदाला चिकटे, थोडी विरघळून जाई. सर म्हणाले, तेवढी ताजी घालत जा. मग ती जुनी कशी, असं उर्वीने विचारलं. त्यावर सरांनी जुन्यात नवं कालवत राहायच्या आंबोळीच्या पिठाचं उदाहरण दिलं. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने.

तिसरी, चौथी.

ताजी घाल. ताजी घाल.

पाचवी.

बरणीत आता जुनी कमी, नवीच जास्त. दर फेरीला किती बायोडिझेल निघालं याचा आलेख मात्र उतरायचं नाव घेईना. सर तो लग्नाच्या अल्बमसारखा येईल त्याला दाखवत. खाली पहिलं नाव उर्वीचं. तिला ते वाचवत नसे.

सहावी, मुंबईहून तपासणीला आलेल्या समितीसमोर.

उर्वीने ताजी पूड घातलीच नाही. तेल तापलं, ढवळलं, नळीत ओतलं. गढूळ ते गढूळच.

"हिने भांडं नीट धुतलं नसणार," सर हसत म्हणाले.

"भांडं स्वच्छ आहे. दर वेळी आम्ही ताजी पूड घालत होतो, आज मी घातली नाही."

समितीतल्या ज्येष्ठांनी चष्मा काढला. आता हे विचारतील, असं तिला वाटलं.

"मग घाला ना," ते म्हणाले. "जेवायला उशीर होतोय."

सरांनी चमचाभर घातली. पुन्हा तापवलं. थर सुटले. टाळ्या.

सातवी

झालीच नाही. समिती सुरमईकडे वळल्यावर उर्वीने सांगितलं, आलेखाखालून माझं नाव काढा. सर समजुतीने म्हणाले, चार वर्षं फुकट घालवतेस, डॉक्टर व्हायचं नाही का तुला?

"डॉक्टर तुम्ही आहात ना, सर. तेवढी शोभा पुरे."

नाव खोडायला सरांना क्षणही लागला नाही. आपल्यावाचून यांचं अडेल, असं तिला चार वर्षं वाटत आलं होतं. त्या समजुतीची तिला सरांपेक्षाही जास्त किळस आली. तिने एप्रन खुंटीला अडकवला आणि ती जिना उतरली.